द्राक्षाचा मळा, मोहाचं झाड आणि नावाचा हक्क



आजच्या विषयाचं मूळ एका प्रश्नात आहे. मागे एकदा व्याख्यान आटोपून आम्ही बाहेर पडत होतो, तेव्हा देवरीकडच्या एका तरुणानं गाठलं. म्हणाला, "सर, नाशिकच्या द्राक्षाची वाईन होते, बाटलीवर नाशिकचं नाव लागतं, लोक गाड्या करून ते मळे बघायला जातात. आपल्या गोंदियात द्राक्षं लावली तर?" शेजारचे दोघं-तिघं हसले. आम्ही मात्र हसलो नाही. प्रश्न द्राक्षाचा नव्हताच मुळी. आपल्या जिल्ह्याचं नाव जगात कशामुळे घेतलं जाईल, असं त्याला विचारायचं होतं. त्याच्या तोंडी द्राक्ष आलं, एवढंच.

द्राक्षापुरतं उत्तर आधी देऊन टाकू. आपल्याकडे वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. जमीन धानाची. बांधीत पाणी तुंबून राहावं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली. द्राक्षवेलीला तर मुळाशी पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. दमट हवेत डाऊनी आणि भुरी पाठ सोडत नाहीत. हौसेनं कुणी चार वेली मांडवावर चढवील, त्याला द्राक्षंही लागतील. पण फवारण्या करून करून जे जगवावं लागतं, त्याला 'इथलं' म्हणायचं का? आणि 'इथलं' म्हणजे तरी काय? आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला अशा शब्दापाशी थांबावंच लागतं.

फ्रेंच लोकांकडे यासाठी एक शब्द आहे, तेरवार. माती, उतार, ऊन, पाऊस, आणि तिथल्या माणसांचा हात, हे सगळं मिळून फळात उतरतं आणि फळातून पेयात, अशी ती कल्पना. ऐकायला फार छान. जणू मातीच बोलते आणि आपण फक्त ऐकायचं. इतिहास उघडला की मात्र वेगळंच दिसतं. मातीच्या आधी तिथं राजे बोललेत, व्यापारी बोललेत, आणि अधूनमधून जाळपोळ करणारे जमावसुद्धा.

तीनच प्रसंग सांगतो.

पहिला १३९५ सालचा. फ्रान्समधल्या बर्गंडीचा ड्यूक, फिलिप द बोल्ड, यानं फर्मान काढलं की गामे जातीच्या वेली उपटून टाका. गामे भरपूर पिकते, लवकर पिकते, म्हणून शेतकऱ्यांना ती आवडायची. ड्यूकला हवी होती पिनो, कमी पिकणारी, नखरेल, पण नाव राखणारी. शेतकरी मळ्यात फार खत घालतात, अशीही त्या फर्मानात तक्रार होती. आज आपण याला शाश्वत शेतीचं धोरण म्हणू. पण नाव ड्यूकचं राहिलं आणि उत्पन्न घटलं ते शेतकऱ्याचं, हेही विसरू नये.

दुसरा पोर्तुगालचा, १७५६ सालचा. डोरो नदीच्या खोऱ्यातली पोर्ट वाईन इंग्लंडला जायची. तीत भेसळ सुरू झाली, रंग यावा म्हणून एल्डर नावाच्या झुडपाच्या बोरांचा रस मिसळू लागले. पंतप्रधान पोंबाल यानं एक कंपनी काढली, खोऱ्याची हद्द आखली, हद्दीवर दगड रोवले आणि ती झुडपंच उपटायला लावली. 'या रेषेच्या आतलं ते खरं' असं कायद्यानं आखून देण्याचं हे फार जुनं उदाहरण.

तिसरा प्रसंग आम्हाला सगळ्यात बोलका वाटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शँपेन प्रांतातले मोठे व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणून आपल्या बाटल्यांत भरत, आणि स्थानिक शेतकऱ्याचा माल पडून राही. म्हणून १९०८ मध्ये सरकारनं शँपेनची हद्द आखली. तीत मार्न जिल्हा आला, औब जिल्हा वगळला गेला. औबचे लोक म्हणाले, अहो, शँपेन प्रांताची जुनी राजधानी त्रुआ आमच्याकडे, आणि आम्हीच शँपेनचे नाही? १९११ मध्ये दंगे झाले. एई गावात व्यापाऱ्यांची कोठारं जळाली, रस्त्यावर वाईन वाहिली, सैन्य आणावं लागलं. मग औबला 'दुसरा विभाग' म्हणून अर्धवट मान दिला. पुरता मान मिळायला १९२७ उजाडलं. फ्रान्समध्ये मूळस्थानाच्या नावांची देशव्यापी व्यवस्था १९३५ मध्ये उभी राहिली ती या सगळ्या भांडणांच्या पोटातून.

आता गंमत बघा. 'आमच्या मातीची' म्हणून ज्या वेलींसाठी हे सगळं घडलं, त्या वेली तोवर अमेरिकन मुळांवर उभ्या होत्या. १८६० नंतर फिलोक्सेरा नावाची एक बारीक कीड अमेरिकेतून फ्रान्सला पोचली आणि तिनं मळेच्या मळे मुळाशी खाल्ले. उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या रानवेलींची मुळं ही कीड सोसतात, म्हणून त्यांच्यावर फ्रेंच फांदी कलम करायची. म्हणजे खाली अमेरिका, वर फ्रान्स, आणि बाटलीवर गावाचं नाव.

हे चेष्टेनं सांगत नाही. ओळख ही जमिनीतून आपोआप उगवत नाही. ती माणसं ठरवतात, त्यासाठी झगडतात, आणि मग नियमांनी राखतात. हे एकदा मान्य केलं की नाशिककडे नीट पाहता येतं.

महाराष्ट्रात द्राक्ष नवं नाही. भोकरी, पांढरी साहेबी या जुन्या जाती आमच्या पिढीनं खाल्ल्यात. मग अनाब-ए-शाही आली, आणि तिच्यामागून थॉमसन सीडलेस, म्हणजे बिनबियांचं, लांबट, हिरवं द्राक्ष. तिच्यातून शेतकऱ्यांनी स्वतःच्या मळ्यात निवडून नव्या जाती काढल्या. तासगावकडची तास-ए-गणेश घ्या. सोलापूरकडची सोनाका घ्या. सोलापूर, नान्नज आणि काळे यांची आद्याक्षरं मिळून ते नाव झालं असं सांगतात. जिल्हा, गाव आणि माणूस, तिन्ही एका द्राक्षात! फ्रेंचांना तेरवार समजावून सांगायला पानंच्या पानं लागतात, आपल्या शेतकऱ्यानं तीन अक्षरांत आटोपलं.

वाईनचं द्राक्ष मात्र वेगळं. मणी लहान, साल जाड, बिया असलेले. बाजारात विकायला गेलात तर कुणी घेणार नाही, ते वायनरीलाच द्यावं लागतं, आणि भाव ठरतो त्यातल्या साखरेवर, ब्रिक्सवर. नारायणगावला १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच पद्धतीची फेसाळणारी वाईन काढून परदेशात पाठवली, तिथून आपल्याकडचा आधुनिक अध्याय सुरू होतो. मग नाशिकजवळ राजीव सामंत यांनी सुला सुरू केली. तिची पहिली वाईन २००० साली आली, शेनिन ब्लाँ आणि सोव्हिनियाँ ब्लाँ या दोन फ्रेंच जातींची. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं, सवलती दिल्या, विंचूरला वाईन पार्क झालं. पुढे 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळालं.

यातलं 'इथलं' काय, म्हणाल तर वेल फ्रेंच. खालचा खुंट बहुतेक ठिकाणी डॉगरीज, तो मूळचा टेक्सासचा. पण शेतीची रीत पूर्णपणे इथली आहे. युरोपात हिवाळ्यात बर्फ पडतं, वेल झोपी जाते, वसंतात जागी होते, शरद ऋतूत फळ देते. आपल्याकडे वेलीला झोपच नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो. उन्हाळ्यात, एप्रिलच्या आसपास, खरड छाटणी, आणि पाऊस सरताना, ऑक्टोबरच्या आसपास, गोडी छाटणी. एका छाटणीनं काडी तयार होते, दुसरीनं फळ येतं, आणि तोडणी होते जानेवारी ते मार्च. फ्रेंच माणूस सप्टेंबरात द्राक्षं तोडतो, आपला माणूस त्या वेळी पाऊस कधी उघडतो म्हणून आभाळाकडे बघत असतो. ही रीत कुणी वरून लादलेली नाही. शेतकऱ्यांनी आणि संशोधकांनी मिळून ती बसवली, आणि नाशिकची खरी ओळख काय ती हीच असं आमचं मत आहे. बाटलीवर मात्र तिचा उल्लेख नसतो.

टिकण्याचं काय? आजकाल 'शाश्वत' हा शब्द फार सैल झालाय, लग्नपत्रिकेतल्या 'सस्नेह'सारखा. द्राक्षाला उन्हाळ्यात पाणी लागतं. ठिबकनं मोठी बचत झाली हे खरं, पण कोरड्या वर्षी टँकरनं बाग जगवलेली आपण पाहतो. फवारण्या लागतात. २०१० मध्ये युरोपला गेलेल्या खायच्या द्राक्षात वाढनियंत्रक रसायनाचे अवशेष सापडले आणि कंटेनर अडकले, तेव्हा केवढा हाहाकार उडाला होता. आणि टिकायचं म्हणजे नुसतं मातीनं आणि पाण्यानं नव्हे, माणसानंही टिकायला हवं. त्याच काळात, २००८ नंतरच्या मंदीत, वाईनचा खप घसरला, वायनऱ्यांकडे माल साठला आणि करारावर द्राक्ष लावलेल्या शेतकऱ्यांकडून माल उचलला जाईना. किती जणांनी वाईनच्या जाती उपटून पुन्हा खायच्या जाती लावल्या! ज्या द्राक्षाला एकाच प्रकारचा गिऱ्हाईक आहे, त्याच्या शेतकऱ्याला 'नाही' म्हणायची सोय नसते. नावाचं मानांकन मिळालं तरी ही सोय त्याबरोबर येत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ.

तारखांची एक जुळणी आम्हाला उगीच आवडते. १ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस भारताच्या संसदेत भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला. आणि सुलाही १९९९ चीच. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं, पण वय झालं की माणूस स्वतःचे नियम थोडे सैल करतो.

गोंदिया हे नावच घ्या. कुणी म्हणतात गोंडांवरून पडलं, कुणी म्हणतात गोंदावरून, म्हणजे डिंकावरून, कारण इथून डिंकाचा व्यापार चालायचा. दोन्हीपैकी काहीही खरं धरा, नाव रानातूनच आलेलं आहे. आणि रानात द्राक्षाचं काम करणारं झाड कोणतं, हे या सभागृहात सांगायला नको. मोह.

चैत्रात मोहाची पानं झडतात, फुलं येतात. फूल म्हणजे मांसल, फिकट पिवळट, रसानं भरलेली कुपी. ती पहाटेपासून टपटप पडू लागतात. अंधार असतानाच बायका टोपल्या घेऊन निघतात, सोबत पोरं. ऊन चढायच्या आत वेचून घ्यायचं, नाहीतर गुरं खातात, आणि रानात असेल तर अस्वल आधीच येऊन बसलेलं असतं. नवेगाव-नागझिऱ्याच्या भोवतालच्या गावांत अस्वलाची गाठ ही गोष्टीतली गोष्ट नाही. अंगणात फुलं वाळत घातली की रंग बदलून लालसर तपकिरी होतात. वाळलेल्या फुलाचा निम्म्याहून अधिक भाग नुसती साखर असते. मग जूनच्या सुमारास फळं येतात, टोळ म्हणा, टोरी म्हणा, तिच्या बियांचं तेल निघतं.

आता तुलना करा. द्राक्षाला मांडव हवा, तार हवी, ठिबक हवं, दोन छाटण्या हव्यात, फवारणी हवी. मोहाला यातलं काहीच नको. धानाच्या धुऱ्यावर, गावाच्या शिवेवर, जंगलात तो उभा असतो. पाणी कुणी देत नाही, खत कुणी घालत नाही. पाऊस चुकला, धान गेलं, तरी मोह फुलतोच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळांत मध्य प्रांतातल्या गरिबांना ज्या रानमेव्यानं तगवलं त्यात मोहाचा वाटा मोठा होता. शिजवून खाल्ला, भाजून खाल्ला, पिठात मिसळून भाकरीत घातला. आपण मोह म्हटला की दारू म्हणतो. आधी ते अन्न आहे, मग चारा, मग तेल, मग औषध, आणि त्यानंतर दारू. गोंड समाजात जन्म, लग्न, मृत्यू, पूर्वजांची पूजा यांतलं काही मोहाशिवाय होत नाही, ते वेगळंच.

मग या झाडाला नाव का मिळालं नाही? इथं इतिहास पाहावा लागतो, आणि तो फारसा सुखाचा नाही.

इंग्रज सरकारला अबकारीतून मोठं उत्पन्न मिळायचं. १८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. घरोघरी आणि गावोगावी लहान भट्ट्यांवर गाळलेली दारू सरकारच्या कामाची नव्हती, कारण तिच्यावर कर बसवता येत नव्हता. मोठी डिस्टिलरी, एक ठेकेदार, त्याची दुकानं, असं झालं की मोजता येतं. पण ज्याच्या दारी मोहाचं झाड आहे तो दुकानात कशाला जाईल? म्हणून १८९२ मध्ये मुंबई इलाख्यात चक्क मोहाच्या फुलांवरच कायदा केला. ठाणे-कुलाब्याकडच्या आदिवासींना त्याची झळ लागली. फूल गोळा करणं, जवळ बाळगणं हाच गुन्हा. झाडाखाली पडलेलं फूल उचललं की माणूस गुन्हेगार!

आपला भाग तेव्हा मध्य प्रांतात, भंडारा जिल्ह्यात होता. इथं फूल वेचायला तशी बंदी नव्हती, पण भट्टी सरकारच्या परवान्याची झाली. आधी ठेके दिलेल्या गावभट्ट्या, मग त्याही हळूहळू मिटवून मोठ्या डिस्टिलरीतून पुरवठा. १९१५ मध्ये मध्य प्रांताचा स्वतंत्र अबकारी कायदा झाला. पुढे १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्रात आलो, आणि मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्यालाही लागू झाला. त्यातही मोहाच्या फुलांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. म्हणजे इंग्रजांनी महसुलासाठी फुलावर घातलेला पहारा स्वतंत्र भारतात नीतीच्या नावानं चालू राहिला. हेतू बदलला, पहारेकरी तोच.

इथं नाशिक पुन्हा येतं, अगदी अनपेक्षित वाटेनं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या दारूसाठी ऍसिटोन हवं होतं. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक गिल्बर्ट फाउलर यांनी मोहाच्या फुलांपासून ते काढण्याचे प्रयोग केले, आणि त्यासाठी कारखाना उभारला गेला तो नाशिकला. आदिवासीच्या मडक्यात गेलं तर फूल गुन्ह्याचं, साम्राज्याच्या तोफेत गेलं तर राष्ट्रकार्याचं. द्राक्षाच्या वाईनआधी नाशिकला मोहाचं रसायन पोचलं होतं, हे नाशिकच्या मित्रांना सांगितलं की ते चकित होतात.

अलीकडचं सांगतो. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध उठवले. चांगलं झालं, उशिरा झालं. आणि २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला की काजू, मोह यांपासून केलेलं मद्य आता 'देशी'ऐवजी 'विदेशी मद्य' या वर्गात धरायचं. उद्देश बरा होता. देशी दारू म्हटलं की तिला हलकं समजतात, बाटली चांगल्या दुकानात जात नाही. पण शब्द बघा! नाशिकमध्ये उगवलेली फ्रेंच वेल इथली आहे, तिला मानांकन आहे. आणि पारी कुपार लिंगोच्या कचारगडाच्या पायथ्याशी उभा असलेला मोह कायद्याच्या वहीत विदेशी. त्याच वर्षी जानेवारीत वाईन सुपरमार्केटात विकू द्यायची की नाही यावर राज्यभर वाद झाला. 'वाईन म्हणजे दारू नव्हे' असंही त्यात ऐकायला मिळालं. मोहाच्या बाजूनं असं वाक्य कुणी उच्चारलेलं आमच्या तरी कानावर आलं नाही.

आता इथं कुणी टाळ्या वाजवील म्हणून थांबतो. टाळ्या नकोत, कारण दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हे बोलणं अप्रामाणिक ठरेल.

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती मुंबईहून आलेली नाही. गावागावांतल्या बायकांनी मागितली, त्यासाठी वर्षानुवर्षं चळवळ केली. दक्षिण गुजरातेत १९२२-२३ मध्ये 'देवी'ची चळवळ झाली, तीत आदिवासींनीच दारू-ताडी सोडण्याच्या शपथा घेतल्या. कारण कर्ज दारूच्या ठेकेदाराचं, जमीन गेली ती त्याच्याकडे. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर सविस्तर लिहिलंय. म्हणजे मोह ही आदिवासी अस्मिता आणि बंदी हा बाहेरचा जुलूम, अशी सोपी मांडणी आम्हाला मान्य नाही. सणाला पूर्वजापुढे ठेवलेली दारू आणि रोज संध्याकाळी गुत्त्यावर मजुरी संपवणारी दारू यांत फरक आहे. तो फरक सगळ्यात आधी कळतो तो घरातल्या बाईला, कारण पहाटे अंधारात मोह वेचायला तीच जाते आणि रात्री मारही तीच खाते. फ्रान्सच्या मळ्यांवर सुंदर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी हा हिशेब क्वचितच मांडलाय. आपण तरी तो बाजूला ठेवू नये.

म्हणून उद्या 'गोंदियाचा मोह' असं मानांकन मिळवायचं म्हटलं, तर ते दारूचंच असावं असं काही नाही. फुलाचं असू शकतं. गोव्याचं उदाहरण डोळ्यापुढे आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये मानांकन मिळालं. काजू हे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं, तरी फेणी गोव्याची, त्यात शंका नाही. पण मानांकन काजूच्याच फेणीला, नारळाच्या फेणीला नाही. नाव मिळालं की कुणीतरी आत येतं आणि कुणीतरी बाहेर राहतं. औबवाल्यांना विचारा.

आपल्या बाबतीत बाहेर कोण राहील? मोहाला जिल्ह्याची हद्द माहीत नाही. वर बालाघाट, मध्य प्रदेश. पूर्वेला राजनांदगाव, छत्तीसगड. दक्षिणेला गडचिरोली. १९९९ मध्ये आखलेल्या रेषेच्या आतला मोह वेगळा आणि सालेकशाच्या पलीकडचा वेगळा, असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. दोन्हीकडच्या गोंडांची सोयरीक एक, बोली एक, कचारगडची माघ पौर्णिमेची यात्रा एक. मध्य प्रदेशानं मोहाच्या मद्याला 'वारसा' म्हणून पुढे आणायला सुरुवातही केली आहे. एक झाड, तीन राज्यं, आणि नावासाठी तीन अर्ज, असं व्हायला नको.

आणि नावाचा धनी कोण? इथं आम्हाला लॉक आठवतो. सतराव्या शतकातला हा इंग्रज तत्त्वज्ञ मालकी कुठून येते ते सांगताना झाडाखाली पडलेली ओकची फळं वेचणाऱ्या माणसाचंच उदाहरण घेतो. वेचण्याचे श्रम केले म्हणून ती त्याची झाली, मात्र इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे उरलं पाहिजे, अशी अट घालून. आम्ही हा उतारा कितीतरी वर्षं शिकवला, आणि मोहाखाली वाकलेली बाई कधी डोळ्यापुढे आली नाही याची आता लाज वाटते. लॉकच्याच देशाच्या सरकारनं तिला गुन्हेगार ठरवलं. कायद्यानं हे दुरुस्त केलं ते २००६ मध्ये, वनहक्क कायद्यानं. गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेच्या लोकांची, असं त्यात आहे. आपला जिल्हा पेसा कायद्याच्या अनुसूचित क्षेत्रात येत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं, त्यामुळे आपल्याकडे वनहक्काचाच आधार मोठा. जिल्ह्यात काही ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले, त्यांनी एकत्र येऊन तेंदूपत्ता स्वतः विकायला घेतला. तेंदूत जमलं तर मोहात का जमू नये? एप्रिलमध्ये घरात पैसा नसतो म्हणून मोह व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानं जातो, आणि पावसाळ्यात तोच मोह चढ्या भावानं परत विकत घ्यावा लागतो. चार महिने साठवायला कोरडी खोली आणि हातउचल मिळाली, तर मानांकनाच्या आधीच पुष्कळसं काम झालेलं असेल.

एक गोष्ट राहिली, आणि आमच्या मते सगळ्यात काळजीची. मोहाला काही करावं लागत नाही असं वर म्हटलं, ते अर्धंच खरं. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. आग कधी रानात पसरते, पण पसरली नाही तरी खालची रोपं जळतातच. जी वाचतात ती गुरं खातात. फुलं वेचली, टोळंही वेचली, मग बी जमिनीत जाणार कुठून? मोह फुलायला आठ-दहा वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात, आणि झाड जगतं पिढ्यान्‌पिढ्या, म्हणून तुटवडा डोळ्याला दिसत नाही. द्राक्षाचा मळा उपटला तर त्याच वर्षी कळतं. मोहाचं कळेल आपल्या नातवंडांना. पाला जाळण्याऐवजी झाडाखाली जाळी बांधायची सोपी रीत आहे, फुलंही स्वच्छ मिळतात, काही ठिकाणी ती सुरूही झालीय.

तर त्या तरुणाला आम्ही तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. उलट एक काम सांगितलं होतं. गावात जा, शिवारातले सगळे मोह मोज, आणि त्यातले तुझ्या वयापेक्षा लहान किती ते वेगळे मोज. तो आज इथं आलाय, मागच्या रांगेत बसलाय, हातात वही आहे. आकडे आम्हीही अजून पाहिलेले नाहीत. चहा घेऊ, आणि मग प्रश्नोत्तरांच्या आधी त्यालाच पुढे बोलावू.